कामगारांचे सेवक, कामगारांचे पुढारी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे



विहारात रविवारी सकाळी वंदनेला जी गर्दी होते ती इतर वारी होत नाही. कारण उघड आहे. रविवारी सुट्टी असते. मुलांचे वर्ग रविवारी, महिला मंडळाची बैठक रविवारी, लग्नाची बोलणी रविवारी, आणि वर्गणीची पावती फाडायची तीही रविवारीच. परंतु हा रविवार कामकरी माणसाच्या पदरात कुणी टाकला, असे विचारले तर बरेच जण सांगतील की इंग्रज ख्रिस्ती होते, ते चर्चमध्ये जात, म्हणून ही सुट्टी आली. साहेबाच्या कचेरीला ती तशी आली हे खरे. गिरणीत राबणाऱ्या माणसाला मात्र ती कुणी फुकट दिली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती १० जून १८९० रोजी मिळाली, आणि ती मिळविण्यासाठी एका माणसाने सहा वर्षे मालकांच्या आणि सरकारच्या दारी चपला झिजविल्या. त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

आम्ही गिरणीत लागलो तेव्हा १९८२ चा संप होऊन गेला होता. जुने कामगार जेवणाच्या सुट्टीत पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगत. कोण कुणाला कसा नडला, कुणी कुठे सभा गाजवली, सगळे ऐकायला मिळे. लोखंडे यांचे नाव त्यात क्वचितच येई. महात्मा फुल्यांविषयी वाचता वाचता आम्हाला ते ग्रंथालयात सापडले. आणि जसजसे वाचत गेलो तसतसे आम्हाला वाटू लागले, की कामाच्या जागी पुढारी कसा असावा हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने हा माणूस समजून घ्यावा. पुढारी म्हणजे वरून हुकूम सोडणारा, ही आपली सवयीची समजूत. लोखंडे यांचे चालणे उलटे होते. ते आधी सेवक झाले, आणि सेवक होते म्हणून लोकांनी त्यांना पुढारी मानले. हे बोलायला सोपे आहे. करायला किती जड, आणि त्यातून हाती काय येते, हेच या लेखात सांगायचे आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. १८४८ हे साल लक्षात ठेवायला सोपे आहे, कारण याच साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. लोखंडे यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. पुढचे परिस्थितीने राहिले. रेल्वेत नोकरी केली, टपाल खात्यात केली आणि नंतर मुंबईत मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअरकीपर म्हणजे काय, हे ज्यांनी गिरणी पाहिली त्यांना सांगायला नको. पण आताच्या पोरांना सांगावे लागेल. बाबीन संपली, पट्टा तुटला, तेल हवे, धोटा फुटला, की माणूस स्टोअरच्या खिडकीशी येतो. खिडकीच्या आत बसलेला माणूस मालकाच्या विश्वासातला असतो. त्याचे कपडे पांढरे राहतात. त्याच्या हाताला यंत्र लागत नाही. पण खिडकीतून पुढे येणारे हात तो रोज पाहतो. कुणाचे बोट गेलेले, कुणाचा पंजा सुजलेला, आणि कुणाचा हात एवढासा, सात-आठ वर्षांच्या पोराचा. अशा जागी बसलेल्या माणसाला दोन वाटा असतात. मालकाची मर्जी सांभाळली तर बढती. कामगाराची कड घेतली तर मालकाचा संशय, आणि कामगार तरी लगेच आपला म्हणतोच असे नाही. लोखंडे यांनी दुसरी वाट धरली. पुढे ते गिरणीच्या चाकरीत राहिले नाहीत, पण गिरणीतल्या माणसांचे काम त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही.

त्या वेळची गिरणी कशी होती ते थोडे पाहू. मुंबईत पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. त्यानंतर तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. कोकणातून, घाटावरून, दुष्काळाने आणि सावकाराने पिडलेली माणसे पोटासाठी मुंबईत आली. गिरण्यांत अजून विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद, हाच कायदा. म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी, आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची सुट्टी नाही. वर्षाकाठी सणासुदीचे पंधराएक दिवस मिळत, त्यातही यंत्रे साफ करायला बोलावीत. दुपारी जेवायला यंत्र थांबेलच याचा भरवसा नाही, चालत्या साच्यापाशी उभ्या उभ्या भाकरी खायची. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कधी होईल याचा नेम नाही, तोवर वाणी आणि पठाण. यंत्रात हात गेला तर तो माणूस गावी गेला एवढेच. वर जॉबरची मर्जी. त्याने ठेवले तर काम, त्याने काढले तर रस्ता, आणि ठेवण्यासाठी त्याला काय द्यावे लागे ते आपल्या आजे-पणज्यांना ठाऊक होते.

सरकारने १८८१ साली पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढीच मुख्य गोष्ट होती. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी त्यात काहीच नव्हते. ध्यानात घ्या, मालकांनी आपली संघटना १८७५ सालीच बांधली होती. ज्यांच्याकडे सगळे होते ते आधी एकत्र आले. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांना एकत्र करणारा माणूस अजून यायचा होता.

लोखंडे यांना ही दृष्टी कुठून आली? ती जोतीरावांकडून आली. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्याचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे पत्र आर्थिक अडचणीने बंद पडले होते. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा उभे केले आणि शेवटपर्यंत चालविले. शेतकरी, कामगार, बायका, अडाणी ठेवलेला बहुजन समाज, यांची गाऱ्हाणी छापणारे हे पत्र होते. पत्र चालविणे म्हणजे काय, हे ज्याने साधी स्मरणिका काढली आहे त्याला विचारा. जाहिरात मिळत नाही, कागदाचे पैसे थकतात, वर्गणीदार नाव देतो पण पैसे देत नाही. शिवाय दीनबंधूचा वाचक म्हणजे ज्याला बहुधा वाचताच येत नाही असा. अशा समाजासाठी पत्र चालविणारा माणूस नफ्यासाठी चालवीत नाही.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कमिशनपुढे मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार. ज्याची चौकशी तो कामगार बोलणार की नाही? लोखंडे यांनी त्या सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा बोलावल्या, परळला सभा झाली, आणि कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार झाले. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आपल्या चाळीच्या नळाच्या अर्जावर पन्नास सह्या गोळा करताना काय होते ते आपण जाणतो. एक म्हणतो उद्या करतो, दुसरा म्हणतो आधी त्याची घ्या, तिसरा विचारतो माझ्यावर काही येणार नाही ना. इथे तर सही करणाऱ्याची भाकरी जॉबरच्या हातात. अशा ५,५०० माणसांनी भरवसा ठेवला, तो कागदावर ठेवला नाही, कागद घेऊन आलेल्या माणसावर ठेवला.

मागण्या पाच होत्या. रविवारी सगळ्यांना सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. आदल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्या पुन्हा एकदा वाचा. त्यात राज्य मागितलेले नाही, गिरणी मागितलेली नाही. अर्धा तास मागितला आहे. भाकरी बसून खायला अर्धा तास! आणि दुसरी गोष्ट बघा. स्टोअरमध्ये बसणाऱ्याचा हात यंत्रात जात नाही. तरी जखमी माणसाच्या पगाराची मागणी त्यात आहे. आमच्या मते सेवक-पुढाऱ्याची पहिली खूण हीच. आपल्याला काय हवे यावरून तो मागण्यांची यादी करीत नाही, खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला काय हवे यावरून करतो. आणि असे करायचे तर आधी ऐकावे लागते. बोलणारे पुढारी आम्ही खूप पाहिले, ऐकणारे थोडे.

याच वर्षी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली. लोखंडे तिचे अध्यक्ष. भारतातल्या कामगार संघटनेची सुरुवात इथून मोजतात, आणि लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात ते यामुळे.

आता अडचणी बघू. मालक विरोधात होते हे सांगायला नको. पण विरोध तेवढाच नव्हता. विलायतेत मँचेस्टर-लँकेशायरचे गिरणीमालक मुंबईच्या स्वस्त कापडाला घाबरले होते. हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून ते तिकडे आवाज उठवीत. त्यांना इथल्या कामगाराची दया आली नव्हती, त्यांना स्पर्धा नको होती. यामुळे इथल्या पुष्कळ देशभक्त पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी, केसरीसारख्या पत्रांनीसुद्धा, कारखाना कायद्याला विरोध केला. कायदा म्हणजे देशी धंद्यावर घाला, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे कामगाराला सुट्टी मागणारा माणूस देशाच्या वैऱ्याला मदत करतो, असा अर्थ निघू लागला. देशी धंदा जगावा हे कुणाला नको होते? पण तो जगण्यासाठी आठ वर्षांच्या पोराने चौदा तास उभे राहावे काय, हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते. लोखंडे त्या थोड्यांत होते. आपल्या माणसांची बाजू घेतल्याबद्दल परक्याचा हस्तक ठरण्याची पाळी पुढे बाबासाहेबांवरही आली. त्यामुळे ही वेदना आपल्या समाजाला नवी नाही.

दुसरी अडचण वेळेची. १८८४ चे कमिशन झाले, अहवाल झाला, आणि कायदा काही झाला नाही. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. सेवा करणाऱ्या पुढाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. लोक विचारतात, साहेब, आमच्या सहीचे काय झाले? उत्तर हाती नसते. भडक पुढाऱ्याला अशा वेळी आरोळी ठोकता येते, दुसऱ्यावर ढकलता येते. सेवकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दाराशी जावे लागते. लोखंडे जात राहिले. अर्ज, पुन्हा अर्ज, सभा, दीनबंधूत लेख, पुन्हा अर्ज.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली! बाईने घराच्या ओट्यावर मोठ्याने बोलणे ज्या काळात खपत नव्हते, त्या काळात गिरणीत काम करणाऱ्या बायका दहा हजार माणसांपुढे उभ्या राहून आपल्या कामाचे बोलल्या. त्यांची नावे इतिहासाने नीट जपली नाहीत. पण त्यांना बोलायला जागा करून देणारी ती सभा लोखंडे यांची होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तयार झालेला माणूस दुसरे काय करणार? सेवकाची दुसरी खूण ही, की तो स्वतः सगळे बोलून टाकीत नाही, ज्याचे दुःख त्याला बोलू देतो.

त्या सभेतून मालकांच्या संघटनेकडे आठवड्याच्या सुट्टीसाठी अर्ज गेला. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांचे मन वितळले असे समजू नका. नवा कायदा येणार हे त्यांना दिसत होते, आणि खाली कामगार एक झालेला दिसत होता. वरून दट्ट्या आणि खालून रेटा, दोन्ही जमले तेव्हाच दार उघडले. त्याच वर्षी सरकारने नवे कारखाना कमिशन नेमले आणि मुंबईच्या कामात लोखंडे यांना सोबत घेतले. सहा वर्षांपूर्वी जो माणूस कमिशनच्या दाराबाहेर सह्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता, तो आता आत बसला. १८९१ साली दुसरा कारखाना कायदा झाला. त्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना मज्जाव झाला. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. आणि जखमी माणसाच्या भरपाईचा कायदा व्हायला तर १९२३ साल उजाडावे लागले. मागितलेले सगळे मिळाले नाही. पण मिळाले ते कायमचे मिळाले.

लोखंडे यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी थांबत नव्हते. त्या काळी ब्राह्मण विधवांचे केशवपन होत असे. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी ठरविले की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. या संपामागे सत्यशोधकांची शिकवण होती आणि लोखंडे पुढे होते. आपल्या हातातले काम अन्यायाचे असेल तर ते न करणे हाही कामगाराचा हक्क आहे, हे त्या साध्या कारागिरांनी दाखवून दिले. नंतर १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तेव्हा दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी लोखंडे झटले. गिरणीत एका साच्यावर हिंदू, शेजारच्यावर मुसलमान. दंगा पेटला तर दोघांच्याही चुली विझतात, हे ज्याला समजते तो कामगारांचा खरा पुढारी. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

या पदवीवरून काही जण नाक मुरडतात. लोखंडे अर्ज-विनंत्या करणारे होते, लढाऊ नव्हते, असेही म्हणतात. आम्ही लाल झेंड्याखालीही उभे राहिलो आणि निळ्याखालीही, म्हणून बोलतो. त्या काळी संघटनेला कायद्याचे कवच नव्हते. कामगार संघटनांचा कायदा १९२६ साली झाला. १८८४ साली ज्याने कामगाराला नुसते एकत्र बसविले आणि मालकाला तुमचे चुकते असे लेखी सांगायला शिकविले, त्याने अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आता शेवटचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवी भागातच. घराघरांत माणसे मरू लागली. सरकारी माणसे घरात घुसून रोग्याला उचलून नेऊ लागली. दवाखान्यात नेले की माणूस परत येत नाही, अशी भीती चाळीचाळींत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये चिडलेल्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लासुद्धा केला. ज्याला जमेल तो गाव गाठू लागला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. लोखंडे यांनाही जाता आले असते. ते रावबहादूर होते, त्यांना कुणी नावे ठेवली नसती. ते राहिले. परक्या इस्पितळाला भिणाऱ्या आपल्या लोकांसाठी त्यांनी दवाखाना उभा केला आणि रोग्यांच्या सेवेत उतरले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याकडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईही गेल्या. एका घराण्याची माणसे एकाच रीतीने जातात तसे हे झाले.

बंधू-भगिनींनो, इथे थांबून नुसती आदरांजली वाहिली तर लेख पुरा होईल, पण खरे सांगायचे राहून जाईल.

लोखंडे गेले आणि त्यांची संस्थाही सरली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला नोंदलेले सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. सगळे एका माणसाच्या पायावर आणि शब्दावर उभे होते. तो माणूस आडवा पडला तेव्हा तिला धरून ठेवायला काही उरले नाही. सेवेचा हा मोठा धोका आहे. जो फार राबतो त्याच्यावर सगळे सोडून लोक मोकळे होतात. तो आहे ना, तो बघेल, असे म्हणतात. सेवा करणारा एकटा पडतो, आणि लोक आळशी होतात, यात दोघांचेही नुकसान. म्हणून सेवेला हिशेबाची वही जोडावी लागते, सभासदांची यादी जोडावी लागते, आणि आपल्या मागे कोण, हे आपण असतानाच ठरवावे लागते.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८८४ च्या पाच मागण्यांत जातीचा प्रश्न नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे अस्पृश्याचा धोटा चालणार नाही, असे बाकीचे विणकर म्हणत. जास्त पगार विणखात्यात, आणि आपले लोक कमी पगाराच्या सूतखात्यात. ही गोष्ट पुढे चाळीस वर्षांहून अधिक तशीच चालली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ती मागणी म्हणून लावून धरली. कामगारांची एकी हवी तर एकाच गिरणीत दोन पंगती चालणार नाहीत, हे त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले.

तरीसुद्धा लोखंडे यांनी पेरलेले वाया गेले नाही. १९०९ साली सीताराम केशव बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगार हितवर्धक सभा काढली आणि मुंबईच्या कामगारांचे काम पुन्हा हाती घेतले. हे बोले आपल्याला परके नाहीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मांडणारे बोले ते हेच. त्याच ठरावाच्या आधारे बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेले. कामगाराच्या विश्रांतीसाठी झटणारी वाट आणि पाण्याच्या हक्काची वाट अशी एकमेकींना मिळते.

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखाना कायद्यात आठवड्याचे ५४ तास होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. म्हणजे आठ तासांचा दिवस. लोखंडे यांनी सूर्य मावळेपर्यंतच काम असावे एवढे मागितले होते, तिथून ही मजल. एकाने अर्ज केला, दुसऱ्याने कायदाच लिहिला. मधे बासष्ट वर्षे गेली आणि ज्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत अशा हजारो कामगारांचे घाम-रक्त गेले.

लोखंडे यांना यातून काय मिळाले? पैसा नाही. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, ज्या टपाल खात्यात ते एकेकाळी साधे नोकर होते त्याच खात्याने काढले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ही मोठी गोष्ट आहे, पण खरा मोबदला वेगळा आहे. दर आठवड्याला कोट्यवधी माणसे एक दिवस आपल्या पोराबाळांत बसतात. त्यांना लोखंडे हे नाव माहीतही नसते. नाव माहीत नसताना ज्याचे दिलेले लोक वापरतात, त्याच्या सेवेला आणखी कसली पावती हवी?

आता आपल्याकडे बघा. मुंबईतल्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. त्या टॉवरच्या दारात पहारा देणारा, आत लादी पुसणारी, मोटारसायकलवर जेवण पोचविणारा, यांत आपल्याच वस्तीतली पोरे-पोरी आहेत. कंत्राटात काम, बारा-बारा तासांची पाळी, आणि आठवड्याची सुट्टी घेतली तर पगारातून खाडा. कायद्याने सुट्टी आहे, पण कंत्राटदाराला विचारायचे कुणी? १८९० साली मिळालेला रविवार आपल्या डोळ्यांदेखत हातून सुटतो आहे.

म्हणून आम्ही वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांना एक सुचवितो. विहाराच्या कमिटीने एक वही घालावी. वस्तीत कोण कुठे कामाला आहे, किती तास, आठवड्याची सुट्टी मिळते की नाही, पगार कोणत्या तारखेला होतो, कामावर इजा झाली तर काय झाले, हे घरोघर जाऊन लिहून घ्यावे. बायकांकडून बायकांनी लिहून घ्यावे, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील. लिहिणारा एकच नको, दर सहा महिन्यांनी वही दुसऱ्याच्या हाती द्यावी. दोनशे नावे झाली की कामगार कायदा जाणणारा वकील गाठावा आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत सगळ्यांनी मिळून जावे. दहा जूनपूर्वी सुरुवात झाली तर उत्तम. वहीचा आणि पेनचा खर्च आमच्याकडे लागला.

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम.